सातवा खडा

कोक्विटलाम
९ जुलै २०२५

चि. ऊर्मीस अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो. पण तुझ्या लॅबच्या शिफ्टा, त्यात हॅलिफॅक्सचं घड्याळ आमच्या चार तास पुढे, आणि फोनवर मी चिडतो. कागदावर बरा वागतो, असं तुझी मामी म्हणायची.

काल सुनेत्रा हातात फोन घेऊन आली. म्हणाली, "बाबा, ऊर्मीताई व्हायरल झाली." मला वाटलं, काही बक्षीस-बिक्षीस मिळालं. माझी सून आनंदाची आणि वाईट बातमी एकाच सुरात सांगते. पाहतो तर बेसबॉलची मॅच. शेवटची इनिंग, दोन्ही संघ बरोबरीत. एकाने चेंडू लांब मारला. पहिल्या बेसवरचा रनर सुटला, दुसऱ्या बेसला वळसा घालून तिसऱ्यावर, तिथून थेट होमवर. रन झाला, मॅच संपली, जिंकणारे एकमेकांच्या अंगावर. मग कुणीतरी तोच तुकडा हळू करून दाखवला आहे. रनरचा पाय दुसऱ्या बेसला लागलेलाच नाही. वीतभर अंतर राहिलं. आणि त्या बेसपासून चार पावलांवर अंपायर म्हणून उभी कोण, तर तू.

सगळे निघून गेले तरी तू तिथेच उभी. वाट चुकल्यासारखी.

खाली लोकांनी काय लिहिलंय ते सुनेत्राला मराठीत सांगायला लावलं. "अंपायरला चष्मा लागलाय, असं म्हणतात," एवढंच ती म्हणाली. एवढ्या लांबलचक मजकुरात एवढंच कसं असेल? पण मी पुढे विचारलं नाही.

बाई, एक लक्षात ठेव. वीज मंडळाची नोकरी मी पोटासाठी केली. क्रिकेटचं अंपायरिंग केलं ते मानासाठी. नागपूरच्या मे महिन्यात पांढरा कोट घालून उभा राहिलो, आणि निर्णय दिल्यावर कधी मागे वळून पाहिलं नाही. आपल्या घरातली पोट्टी कॅनडात जाऊन त्यांच्याच खेळात अंपायर होते, ही गोष्ट मी इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगून झालेली आहे. आता काय झालं? एकदा नजर चुकली. चुकते. माफी मागू नकोस, खुलासे देऊ नकोस. आणि जे कॅमेरा घेऊन मागे लागलेत, त्यांना तर दारातही उभं करू नकोस.

उन्मेषला सांग, बायकोला दोन दिवस फोनपासून लांब ठेव.

तुझा
रवीमामा

हॅलिफॅक्स
२१ जुलै २०२५

ती. स्व. रवीमामांना नमस्कार.

पत्र मिळालं. उन्मेष मला रोज सांगतो की कमेंट्स वाचू नकोस, आणि स्वतः वॉशरूममध्ये बसून वाचतो. बाहेर आला की त्याच्या चेहऱ्यावरून मला कळतं किती नवीन आल्या ते.

इथे आठवडाभर धुकं आहे. फेरीबोटीने कामावर जाते तर मधल्या पाण्यात दोन्ही किनारे दिसत नाहीत. मॅचेस रद्द होताहेत, म्हणून लोकांना बोलायला आणखी वेळ मिळतो.

तुम्हाला पूर्ण चित्र कळावं म्हणून लिहिते. ही हौशी लीग आहे. नर्सेस, प्लंबर, नेव्हीतली माणसं, सगळे शनिवार-रविवारी खेळतात. त्या दिवशी जे हरले ते सीगल्स. त्यांचा मॅनेजर हेरॉल्ड. त्याचं टायरचं दुकान आहे, आमच्या गाडीला विंटर टायर तोच लावतो. तो माझ्यावर ओरडला वगैरे नाही. पण परवा ग्रोसरीत भेटला आणि दह्याच्या डब्यांकडे बघत राहिला. ते जास्त लागलं.

सप्टेंबरमध्ये लीगची फायनल आहे. होम प्लेटच्या मागे, मुख्य अंपायर म्हणून, उभं राहायला या वर्षी माझं नाव ठरलं होतं. इतकी वर्षं बेसवर उभं राहिल्यावर पहिल्यांदाच. आता समितीची बैठक तेवीस ऑगस्टला आहे. सेलेस्टीन अध्यक्ष आहे. तिनेच मला अंपायरिंग शिकवलं. बैठकीत दोन विषय आहेत. मला फायनलला ठेवायचं की काढायचं, हा एक. आणि फायनलला रिप्लेसाठी कॅमेरा लावायचा का, हा दुसरा.

दुसऱ्या विषयावर मी कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणार आहे. तुम्हाला आवडणार नाही, म्हणून आधीच सांगते.

त्या रनबद्दल मी आपण होऊन काही बोलणार नाही.

गुडघा कसा आहे? परीक्षित म्हणाला, तुम्ही रोज संध्याकाळी कुठेतरी गायब होता.

तुमची
ऊर्मी

कोक्विटलाम
३० जुलै २०२५

चि. ऊर्मीस आशीर्वाद.

गायब कुठे होणार, पोरगा माझा काहीही सांगतो. घराजवळच्या पार्कात बेसबॉल चालतो, तिथे चक्कर मारतो. मॅच पाहत नाही. गुडघ्यामुळे मध्ये बसावं लागतं, आणि बाक नेमका त्यांनी तिथे ठेवलाय.

तुझं पत्र वाचून मी दोन वेळा चहा प्यायलो तरी राग गेला नाही. तू कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणार? काहून? ज्याने तुला जगभर आंधळी ठरवलं, त्याचीच वकिली?

आमच्याकडे टीव्हीवर टोरांटोची मॅच लावतात. अंपायर निर्णय देतो. मग कानाला हेडफोन लावून तिथेच थांबतो, दूरच्या कुठल्या खोलीतला माणूस त्याला काय ते सांगेपर्यंत. मी म्हटलं, हा अंपायर आहे की डिलिव्हरीची वाट बघणारा माणूस? तर अवनी म्हणते, "आजोबा, दे जस्ट वाँट टू गेट इट राइट." नात माझी हुशार आहे. बरोबर हवंच, गं. पण बरोबर कोणाच्या तोंडून? मैदानावर बावीस जण असतात, प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. म्हणून तेविसावा माणूस ठेवतात आणि ठरवतात की हा म्हणेल ते. तो कधीच चुकू नये असं वाटत असेल तर माणूस ठेवू नका, ट्रॅफिक सिग्नल लावा.

क्रिकेटमध्येही आता तेच आलं. बोट वर करून लगेच खाली घ्यायचं. बोट आहे की छत्री?

तू त्या रनबद्दल बोलणार नाहीस म्हणतेस, ते मात्र योग्य. नजर चुकली हे जगाला सांगण्यात शहाणपण नाही. डोळ्यांची तपासणी करून घे, उगाच शंका नको. चाळिशी लागली की जवळचं जातं, लांबचंही थोडं.

रागावून लिहिलंय असं वाटेल. तसंच आहे.

रवीमामा

कोक्विटलाम
३ ऑगस्ट २०२५

ऊर्मे,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. नसेल पोचलं तर पोचल्यावर फाड.

आज रविवार. सुनेत्राने तो व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावून दिला, अख्खी मॅच, कुणा प्रेक्षक बाईंनी स्टँडवरून काढलेली. मी तो शेवटचा तुकडा परत परत पाहिला. आधी रनरचे पाय पाहिले. मग चेंडू पाहिला. मग म्हटलं, ही काय करते ते तरी पाहावं. एकदाही तुझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. लाज वाटली म्हणून.

रनर दुसऱ्या बेसवरून गेला. तुझी मान बेसकडे. आणि तो तिसऱ्यावर पोचायच्या आत तुझा उजवा हात उजव्या खिशात गेला, मूठ मिटून बाहेर आला आणि डाव्या खिशात गेला.

मी सुनेत्राला म्हटलं, थांबव. परत लाव. तिने लावलं. मी उठून उभा राहिलो. परीक्षित धावत आला, त्याला वाटलं माझ्या छातीत दुखतंय.

तो सातवा खडा आहे. नागपूरला माझ्या कोटाच्या खिशात कन्हान नदीतले सहा खडे असायचे; चेंडू पडला की एक खडा उजवीकडून डावीकडे. तू लहान होतीस, स्कोअररच्या टेबलापाशी बसायचीस. एकदा बॅटची कड लागून झेल गेला, मला स्पष्ट ऐकू आलं, पण फिल्डिंग करणाऱ्या एकानेही अपील केलं नाही. मी बाद दिला नाही. जेवणाच्या सुट्टीत तू भांडायला आलीस, मामा, तुम्हाला ऐकू आलं होतं ना? मी म्हटलं, आलं. त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. आणि तुला एक जास्तीचा खडा दिला. पाहिलेलं आणि कुणी न विचारलेलं, ते ह्यात ठेवायचं, म्हणून.

तो खडा तू हॅलिफॅक्सला नेलास हे मला आज कळलं.

म्हणजे तुमच्या खेळातही अपील लागतं. म्हणजे तू पाहिलं होतंस. बाई, तू पाहिलं होतंस, आणि तरी सगळ्यांचं ऐकून घेत बसलीस? आत्ताच्या आत्ता सांग सगळ्यांना. सुनेत्रा इंग्रजीत चांगलं लिहिते, मी तिच्याकडून तुमच्या समितीला पत्र लिहवून घेतो. हात कुठल्या सेकंदाला खिशात गेला तेसुद्धा घालतो. आता त्या कॅमेऱ्यानेच त्यांची तोंडं बंद होतील.

माझी छाती इथे दुखत नाहीये, फुगली आहे. परीक्षितला ते समजावून सांगितलं.

तुझा
रवीमामा

हॅलिफॅक्स
१४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. रवीमामांना नमस्कार.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधीचं फाडलं नाही. ट्रॅफिक सिग्नल आवडला. डोळे मात्र मी आधीच तपासून घेतले होते, उत्तम आहेत.

समितीला पत्र लिहू नका. सुनेत्राला माझ्या वतीने थांबवा.

हो, मी पाहिलं. पाय लागला नाही हे मला त्याच क्षणी दिसलं. आणि बेसबॉलचा नियम तुमच्यासारखाच आहे. रनरने बेस चुकवला तर अंपायरने हूं की चूं करायचं नाही, चेहऱ्यावरही दाखवायचं नाही. फिल्डिंगच्या संघाने चेंडू घेऊन त्या बेसवर यायचं आणि विचारायचं. शेवटचा रन झाल्यावरसुद्धा ते मैदान सोडेपर्यंत विचारू शकतात. म्हणून मी उभी होते. वाट चुकले नव्हते, वाट बघत होते. सीगल्स मान खाली घालून कोल्ड ड्रिंकच्या कूलरकडे गेले. त्यांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू, टोपी विसरला होता, तो परत माझ्या अगदी जवळ आला. मला वाटलं, आता विचारेल. त्याने टोपी उचलली, झटकली, घातली आणि गेला.

आता लोकांना काय सांगू? तेव्हा गप्प बसणं माझं काम होतं. नंतर आपण होऊन सांगितलं तर ते स्वतःचं वकीलपत्र घेतल्यासारखं होतं. आणि मामा, या सगळ्या महिन्यात लोकांनी मला खूप काही सांगितलं. मला दिसत नाही, मी घाबरते, बायकांना जमत नाही, आम्ही बाहेरून आलोय म्हणून हा खेळ आमच्या रक्तात नाही. विचारलं कुणीच नाही. "तू पाहिलंस का?" एवढंच. उन्मेषनेही नाही. तुम्हीही नाही. तुम्ही तर पहिल्याच पत्रात माफ करून टाकलंत.

हे रागाने लिहिलेलं नाही. पुढचं वाचलंत की कळेल.

तुम्ही अख्खी मॅच पाहिलीत ना? चौथी इनिंग परत लावा. पहिला बेस, तोही माझ्याकडेच होता. सीगल्सचा रनर येतोय, मी त्याला बाद दिला. टीव्ही थांबवून त्याचा पाय आणि चेंडू बघा. पाय आधी आहे. चांगलं अर्धं पाऊल आधी. ती माझी चूक आहे, खरीखुरी. माझी जागा बरोबर नव्हती, मी चेंडूच्या फार जवळ गेले. तो रनर राहिला असता तर सीगल्स कदाचित शेवटच्या इनिंगला पुढेच असते. ही चूक कुणी हळू करून पाहिली नाही, म्हणून ती कुणाला माहीत नाही. मला घरी येऊन व्हिडिओ पाहिला तेव्हाच कळलं.

तुम्हालाही ती दिसली नाही, कारण तुम्ही अंपायर म्हणून पाहत नव्हता. मामा म्हणून पाहत होता.

म्हणून मला कॅमेरा हवा आहे. मी न केलेली चूक लोकांनी मला लावली, तिचं मी सोसेन. पण केलेली चूक तशीच राहून गेली, त्या माणसाला बाद होऊन घरी जावं लागलं, ते मला सोसत नाही.

तुमची
ऊर्मी

कोक्विटलाम
२० ऑगस्ट २०२५

चि. ऊर्मीस,

चौथी इनिंग पाहिली. अर्धं नाही, पाऊण पाऊल आहे.

सुनेत्राने पत्र लिहून तयार ठेवलं होतं, चांगलं पानभर. पुसून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, एवढं छान झालं होतं." मी म्हटलं, म्हणूनच.

पार्कात एकाला तुमच्या अपीलबद्दल विचारलं. तो इथलाच, लहानपणापासून खेळलेला. त्याला नियम अर्धाच माहीत होता. मी त्याला उरलेला सांगितला.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही, उत्तर मिळालेलं आहे.

बैठकीला नीट जेवून जा.

रवीमामा

हॅलिफॅक्स
२६ ऑगस्ट २०२५

ती. स्व. रवीमामांना नमस्कार.

जेवून गेले. उन्मेषने वरणभात केला होता, परीक्षेला जाताना देतात तशी दहीसाखरही हातावर घातली.

बैठक चर्चच्या बेसमेंटमध्ये होती. सेलेस्टीन मध्ये, बाजूला समितीचे लोक, आणि फायनलला पोचलेल्या दोन्ही संघांचे मॅनेजर. हेरॉल्ड टायरच्या दुकानातूनच आला होता, हाताला काळं लागलेलं. सेलेस्टीनने आधी मला विचारलं, काही म्हणायचं आहे का. मी म्हटलं, एक व्हिडिओ दाखवायचा आहे. सगळ्यांना वाटलं, तोच.

मी चौथी इनिंग लावली. पाय आला तिथे थांबवलं. म्हटलं, "हेरॉल्ड, तुमचा माणूस सेफ होता. मी चुकले."

हेरॉल्ड खुर्ची पुढे ओढून बघायला लागला. मग म्हणाला, "माझ्या कुणाच्याच हे लक्षात आलं नाही."

"माझ्याही नाही," मी म्हटलं. "म्हणून फायनलला कॅमेरा हवा. मला काढलंत तरी कॅमेरा लावा."

समितीतला एक जण म्हणाला, हे ठीक, पण मूळ मुद्दा दुसऱ्या बेसचा आहे, तिथे ही सरळसरळ चुकली. तो हे नुसतं म्हणाला, मला विचारलं नाही. मी गप्प बसले. सेलेस्टीन माझ्याकडे बघत होती. तिला नियम पाठ आहे आणि तिला बहुतेक सगळं कळलंही होतं, पण अध्यक्ष असल्यामुळे तिने तोंड उघडलं नाही. तीही तुमच्यासारखीच आहे, फ्रेंचमध्ये.

मग त्यांनी तो शेवटचा तुकडा लावला. रनर गेला, रन झाला, सगळे नाचले. ज्याने लावला तो बंद करायला गेला तर हेरॉल्ड म्हणाला, "थांब, चालू दे." पडद्यावर रिकामं मैदान आणि मी. शॉर्टस्टॉप येऊन टोपी घेऊन गेला. तरी मी तिथेच.

हेरॉल्ड माझ्याकडे वळला. "तू तिथे उभी का आहेस? सगळे गेले. बसची वाट बघतेयस?"

मामा, तो प्रश्न होता.

मी म्हटलं, "तुमची."

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "यू सॉ इट."

"हो."

"आणि मी माझ्या माणसांना घेऊन कूलरकडे गेलो."

कुणीतरी म्हणालं, आता काहीही म्हणता येतं, पुरावा काय. हेरॉल्डनेच पुन्हा व्हिडिओ मागे घेतला. त्याला तुमच्यासारखं परत परत बघावं लागलं नाही, एकदाच पाहिलं आणि विचारलं, "हातात काय आहे?" मी डाव्या खिशातून खडा काढून टेबलावर ठेवला. कन्हानची गोष्ट सांगितली, थोडक्यात. नागपूर कुठे आहे हे सांगायला जास्त वेळ लागला. त्याने खडा उचलला नाही. म्हणाला, "रन व्हायच्या आधी हात हललाय. बघा तुम्हीच." आणि मग, बाकीच्यांना, "ही प्लेटमागे नसेल तर मी फायनलला येत नाही. बेस कसा मागायचा ते मी माझ्या टीमला शिकवतो, तोवर."

कॅमेरा मंजूर झाला. मीही.

बाहेर पडताना सेलेस्टीनने फक्त एवढंच विचारलं, की माझ्या मामांकडे असे खडे आणखी आहेत का.

तुमची
ऊर्मी

कोक्विटलाम
१४ सप्टेंबर २०२५

चि. ऊर्मीस खूप खूप आशीर्वाद.

काल आमच्या घरी सणासारखं होतं. तुमची दुपारची मॅच आमच्या सकाळी. सुनेत्राने पोहे केले, परीक्षितने लॅपटॉप टीव्हीला जोडला, अवनी चक्क पहिल्या इनिंगपासून बसली. पार्कातल्या त्या माणसालाही मी बोलावलं होतं, लिओनेल त्याचं नाव. तो पोहे दोनदा घेतो आणि बेसबॉलबद्दल आता मलाच विचारतो.

प्लेटमागे तू उभी राहिलीस. छातीला पॅड, तोंडावर जाळी. मला वाटलं होतं ओळखू येणार नाहीस. आलीस. गुडघे वाकवून उभं राहायची तुझी पद्धत तुझ्या आईची आहे, चुलीपुढची.

हेरॉल्डच्या लोकांनी तर कहर केला. जरा कुणी बेसजवळून गेलं की चेंडू घेऊन धावतात आणि विचारतात. अर्ध्या वेळा रनर बेसवर उभा असतो. लिओनेल हसून हसून खुर्चीवरून घसरला.

आता मुद्द्याचं. सहाव्या इनिंगला होमवर रनर आला, कॅचरने चेंडू त्याच्या अंगाला लावला, तू मूठ वर केलीस. बाद. सीगल्सच्या बाजूचा निर्णय. समोरच्या संघाने कॅमेरा मागितला. सेलेस्टीन तंबूत त्या टॅबलेटवर वाकली. तू प्लेटपाशी उभी. आमच्या हॉलमध्ये कुणी पोहे चघळत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, बरोबर असू दे, पोरीचं बरोबर असू दे. मग तिने तुला बोलावून काहीतरी सांगितलं.

तू परत चालत आली नाहीस. धावत आलीस. प्लेटच्या मधोमध उभी राहिलीस, सगळ्या स्टँडकडे तोंड करून, आणि दोन्ही हात पसरून सेफ दिलास. बाद देताना मूठ जेवढी वर गेली होती, त्याहून हात लांब पसरलेस. मागच्या रांगेतल्याला दिसावं म्हणून.

मी इतकी वर्षं उभा राहिलो, पण हे मला करायला कुणी लावलं नाही. लावलं असतं तर मी हात कोटातच ठेवून पुटपुटलो असतो. लोक मान ताठ ठेवून निर्णय देतात, ते मीही केलं. मान ताठ ठेवून निर्णय फिरवताना मी काल पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या घरातल्या माणसाने केलं. अवनीने टाळ्या वाजवल्या. मी उभा होतो. परीक्षित या वेळी धावत आला नाही.

सीगल्स हरले, त्याच एका रनने. मॅच संपल्यावर हेरॉल्ड तुझ्याकडे येऊन काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. कळव.

आणखी एक. झेल हातात पडायच्या आत रनरने बेस सोडला तर तेही अपीलचंच. नवव्या इनिंगला लांब झेल उडाला, तिसऱ्या बेसवरचा रनर पळाला, पण तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होता. चौकटीत तू होतीस. तुझा उजवा हात उजव्या खिशात गेला आणि डाव्या खिशात आला. मी कुणाला काही बोललो नाही. लिओनेलच्या लक्षात आलं नाही. कुणी अपील केलं नाही, कॅमेराही मागितला नाही.

तू काय पाहिलंस?

मागच्या खेपेला विचारलं नाही म्हणून बोलणी खाल्ली. म्हणून या वेळी रीतसर विचारतो आहे. हे अपील समज.

तुझा
रवीमामा

हॅलिफॅक्स
२३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. रवीमामांना नमस्कार.

हेरॉल्डने हात मिळवला आणि म्हणाला, "गुड कॉल. दुसरा." मग म्हणाला, विंटर टायर लवकर लावून घ्या, नंतर गर्दी होते.

सेलेस्टीनसाठी एक खडा पाठवाल का? तुमच्याकडे सहा असतील अजून. तिला सांगितलंय, नदीतला अस्सल आहे, पण मिळेपर्यंत धीर धरावा लागेल. तुम्ही देण्याआधी माणूस पारखून घेता. तिचं म्हणणं, पारखायला तुम्हीच इकडे या. पुढच्या सीझनला या. मैदानावर बाक आहे, गुडघ्यासाठी.

नवव्या इनिंगचं.

तुम्ही रीतसर विचारलंत, कागदावर, सहीनिशी. वाचून उन्मेषला दाखवलं. तो म्हणाला, आता सांगून टाक बिचाऱ्यांना. पण मामा, नियम तुम्हीच शिकवलात, स्कोअररच्या टेबलापाशी, जेवणाच्या सुट्टीत. विचारायचं ते पुढचा चेंडू पडायच्या आत.

तुमचं अपील उशिरा आलं. पुढचा चेंडू पडून गेला.

खडा माझ्यापाशी आहे.

तुमची
ऊर्मी